शंभर डोळ्यांची राखण

१

बापाला सोबत घेऊन कामावर जाणारी साताऱ्यात मी एकटीच असेन. सकाळी आबांची दाढी करायची, त्यांना सदरा चढवायचा, गोडोलीच्या कोपऱ्यावर रिक्षा धरायची आणि साडेदहाला संग्रहालयाच्या दारात उतरायचं. रिक्षात त्यांचा डावा हात माझ्या मुठीत. सुटला की संपलं.

आबा, म्हणजे मानसिंग, फौजेत सुभेदार होते. निवृत्तीनंतर त्यांनी आष्ट्याला ऊस केला. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची आठवण विस्कटायला लागली, पाय मात्र शाबूत राहिले. दार उघडं दिसलं की निघालेच. "उसाला पाणी सोडायचंय," एवढंच कारण. एकदा पोवई नाक्यावर सापडले, एकदा मेढ्याच्या एसटीत, आणि गेल्या दिवाळीत थेट शिरवळला, महामार्गाच्या दुभाजकावर, अनवाणी. एका ट्रकवाल्यानं धरून ठेवलं म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, दर वेळी असा ट्रकवाला भेटत नाही. तेव्हापासून मी झोपले नाही असं सांगितलं तर लोकांना ती माझी जुनी रडगाऱ्हाणी वाटतात. डुलकी लागायची, पण कान दाराच्या कडीला लागलेले.

धाकटा भाऊ राजवर्धन पुण्याला. दर रविवारी फोन करून "ताई, तू स्वतःची काळजी घे" म्हणतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मी संयोगिता. चित्रकलेची बाई म्हणून तीस वर्षं शाळेत काढली, लग्न केलं नाही, मैत्रिणी एकेक करून नातवंडांत अडकल्या. दिवसभरात माझ्याशी दोन वाक्यं धड बोलणारं माणूस म्हणजे संग्रहालयाचा पहारेकरी धुळा. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

संग्रहालय म्हणजे एका ट्रस्टच्या दोन खोल्या. कुणा जहागीरदारानं विलायतेहून आणलेली चाळीस जुनी छापचित्रं तिथं आहेत. प्रत्येकाखाली लावायला अर्ध्या पानाचा मजकूर लिहायचा, चित्रातली गोष्ट, भाव आणि प्रतीकं सांगणारा, हे माझं काम. मी मागच्या खोलीत बसायची. टेबलाशेजारी आबांची खुर्ची, दाराबाहेर स्टुलावर धुळा. ती खोली मला आवडायची, कारण तिला दार एकच होतं.

२

सत्ताविसावं चित्र आर्गसचं. चारशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. चित्रकाराचं नाव असलेली कड कुणीतरी कापून टाकलेली. त्या शैलीला मॅनरिझम म्हणतात. माणूस जसा दिसतो तसा काढण्यात या मंडळींना रस नव्हता. लांबवलेल्या माना, पिळलेल्या कमरा, बटाट्याची पोती भरावीत तसे दंड, आणि एवढ्या कसरतीत चेहरे मात्र थंड. यांचा भाव चेहऱ्यात शोधू नका, हातापायांत शोधा, असं मी मुलांना सांगायची.

धुळाला गोष्टी ऐकायची हौस. माण तालुक्यातला धनगर, चाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडला आणि गुडघे गेल्यावर स्टुलावर आला. त्याला मी सांगितलं, की हा आर्गस म्हणजे अंगभर शंभर डोळे असलेला गुराखी. देवांच्या राणीनं त्याच्याकडे एक गाय राखायला दिली. ती खरी आयो नावाची मुलगी. देवांच्या राजानं आपली भानगड झाकायला तिला गाय केली होती. तिला बोलता येईना, म्हणून तिनं खुरानं मातीत स्वतःचं नाव लिहून बापाला ओळख पटवली. मग राजानं मर्क्युरी नावाच्या देवाला पाठवलं. त्यानं बासरी वाजवून शंभरही डोळे निजवले आणि गुराख्याचं मुंडकं उडवलं. राणीनं ते डोळे उचलून मोराच्या पिसाऱ्यावर लावले.

चित्रात त्याच्या आधीचा क्षण आहे. आर्गस खडकाला रेलून झोपलेला. मर्क्युरीच्या ओठांशी बासरी, पाठीमागं तलवार. डावीकडं गाय. कोपऱ्यात मोर, पण पिसारा अजून कोरा. मी लिहिलं होतं, 'झोप म्हणजे कर्तव्याचा पराभव. बासरी म्हणजे बळावर मात करणारी कला. गाईच्या नजरेत सुटकेची आशा.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

धुळानं चित्राला नाक लावलं. "बाई, ह्यो झोपला न्हाई."

"डोळे मिटलेत की सगळे."

"डोळं नगा बघू, पाय बघा. झोपल्यालं माणूस बोटं सैल सोडतंय. ह्येनं मातीत रुतवल्यात. लांडगा टप्प्यात येईस्तवर राखण्या असाच पडून ऱ्हातोय. आन गाय कुठं बघत्या बघा. सुटायची आशा असती तर त्या बासरीवाल्याकडं बघितलं असतं तिनं. ती आपल्याकडं बघत्या."

"का?"

"तिला ठावं हाय, ह्यो जागा हाय."

मी हसले. पण बोटं खरंच मातीत रुतली होती. हातपाय बघा म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतः पायांकडे पाहिलंच नव्हतं. मला धुळाचा रागच आला.

"आमच्यात रीत हाय," तो म्हणाला. "दुपारची मेंढरं बाभळीखाली बसली की एकानं निजायचं, एकानं राखायचं. निजणाऱ्यानं दुसऱ्याचं नाव घिऊन म्हणायचं, 'राखण घे.' त्यो 'घेतली' म्हणाला की मगच पाठ टेकायची. आन घेतल्याली राखण त्यानं तोंडानं परत दिल्याबिगर सुटत न्हाई."

"आणि समोर कुणी नसेल तर?"

"तर म्हणायचंच न्हाई. मोकळ्या रानात ह्यो शब्द काढला तर म्हातारी माणसं लय मारायची आमास्नी."

"का मारायची?"

"कोन घील त्याचा काय नेम, बाई?" असं म्हणून तो स्टुलावर जाऊन बसला.

३

मजकुरात आकडा असावा म्हणून मी भिंग घेऊन डोळे मोजले. चित्रात दिसणारे अडतीस. वहीत लिहिलं, 'अडतीस, सर्व मिटलेले.' तो सोमवार होता.

मंगळवारी डाव्या गुडघ्यावरचा एक डोळा उघडा दिसला.

यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. कोरीव कामात मिटलेली पापणी म्हणजे तीन रेघा. उघडा डोळा म्हणजे त्याच तीन रेघा आणि मध्ये एक टिंब. सोमवारी टिंब माझ्या नजरेतून सुटलं असेल. मी भिंग पुसलं, पदरानं चष्मा पुसला. टिंब होतंच.

गुरुवारी कोपराजवळचा दुसरा डोळा उघडा होता.

सोमवारी मी मोबाइलवर फोटो काढला होता. तो मोठा करून पाहिला. फोटोतही दोन डोळे उघडे. म्हणजे चित्र पहिल्यापासून असंच होतं आणि मोजताना मीच चुकले होते. दिवाळीपासून न झोपलेल्या बाईनं अडतीस डोळे बरोबर मोजावेत ही अपेक्षाच चूक. मी वहीत दुरुस्ती केली, 'छत्तीस मिटलेले, दोन उघडे,' आणि मला बरं वाटलं.

एकच गोष्ट सलत राहिली. ते दोन डोळे गाईकडे पाहत नव्हते, मर्क्युरीकडेही नाही. ते चित्राच्या बाहेर, खाली, जरा उजवीकडे पाहत होते. तिथं आबांची खुर्ची होती.

मी खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली. खिडकीतून त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून.

४

पुढच्या बुधवारी दुपारी धुळा जेवायला घरी गेला होता. आबा सकाळपासून बेचैन. मी अकरा वेळा त्यांना उठून बसवलं. शेवटी दाराला आतून कडी घातली, तर ते दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. "दार काढ! पाणी सोडायचंय. पाळी चुकंल माझी!" मी त्यांचा दंड धरला. त्यांनी मला असं ढकललं की टेबलाची कड माझ्या कुशीत लागली आणि मी खाली बसले.

"आबा, मी आहे."

"तू कोन गं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, अगदी सहज.

मी रडले. हुंदके देऊन, लहान पोरीसारखी रडले. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, कडी काढावी. जाऊ द्यावं यांना. कुठं जायचं तिथं जाऊ देत आणि मला झोपू देत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो विचार टिकला क्षणभरच, पण माझाच होता, आणि त्याची मला आबांच्या पायांपेक्षा जास्त भीती वाटली.

समोर ते चित्र. मी जमिनीवर बसल्या बसल्या त्याला हात जोडले, थोड्या चेष्टेनं, थोड्या वैतागानं.

"तुम्हाला एवढे डोळे दिलेत देवानं," मी म्हणाले. "आर्गसदादा, राखण घ्या."

मला काही ऐकू आलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पंखा चालू होता, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. त्यातूनच दाराच्या बाजूला, उंबऱ्याशी, लांबून चालत आलेला जडशीळ माणूस बूड टेकताना सोडतो तसा एक श्वास. एवढंच. तो आबांचाही असू शकेल.

आबांचा हात कडीवर होता. तो खाली आला. ते वळले, खुर्चीत येऊन बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून ताठ.

मी टेबलावर डोकं टेकलं. जाग आली ती संग्रहालय बंद करायच्या वेळी धुळानं दार वाजवल्यावर. साडेपाच वाजले होते. तीन तास झोपले होते मी, स्वप्नाशिवाय. आबा तसेच बसले होते, तळवे गुडघ्यांवर. सदऱ्याच्या बाहीला पडलेली घडीसुद्धा हललेली नव्हती.

५

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, हे कबूल करायला मी लाजणार नाही. मी झोपले. दुपारी झोपले, संध्याकाळी झोपले, रात्रभर दार नुसतं लोटून झोपले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. केसांना तेल लावलं. एकदा मुद्दाम फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून जिन्यात उभी राहिले, तर आबा खुर्चीतून उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, नव्या गोळीला यश आलं. राजवर्धन म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?" तो काय म्हणत होता ते त्यालाच ठाऊक. चार दिवस पुण्याला येऊन राहा म्हणाला. मी नको म्हटलं. का नको, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

सत्ताविसाव्या चित्रावर मी फडका टाकून ठेवला आणि पुढची चित्रं घेतली. डोळे पुन्हा मोजले नाहीत.

आबा पाणी पिण्याआधी थांबतात, हे उशिरा लक्षात आलं. मी पेला पुढं करायची, ते माझ्या खांद्यावरून मागं बघायचे, जरा वेळ तसेच राहायचे, मग पेला घ्यायचे. घासाचंही तसंच. मोरीकडे जायलाही तसंच. मागं भिंतीशिवाय काही नसायचं. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची नजर, कुठंही लागते.

ते बोलायचेही थांबले होते. उसाचं पाणी नाही, पाळी नाही, "तू कोन गं" नाही. दोन वर्षं जे ऐकून कान किटले होते, त्याची मला आठवण यायला लागली. घर इतकं गप्प झालं की फ्रीजची घरघर थांबली की दचकायला व्हायचं.

एका शुक्रवारी सकाळी माझ्या हातून तांदळाच्या पिठीचा डबा पडला. पिठी आबांच्या खुर्चीपर्यंत पसरली. मी केरसुणी घेऊन आले आणि थांबले.

आबा नेहमीसारखे ताठ बसले होते. नजर माझ्या मागं, भिंतीवर, अगदी स्थिर. फक्त उजव्या पायाचा अंगठा हलत होता. खुर्चीच्या आडोशाला, सावकाश, चोरून. पिठीत 'मा' उमटला होता. त्याच्यापुढं 'न'. मग 'सिं', वेलांटी थरथरलेली. बाकीच्या अंगाला त्या अंगठ्याची काही खबरच नव्हती.

ज्यांना दोन वर्षं स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, ते मला नाव लिहून दाखवत होते.

"आबा," मी म्हणाले, "ओळखलं. मी ओळखलं तुम्हाला." त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, पण नजर भिंतीवरून हलली नाही. मग अंगठ्यानं घाईघाईनं ती अक्षरं पुसून टाकली.

६

त्याच दिवशी मी धुळाला सगळं सांगितलं. तो माझ्यावर हसेल अशी मला आशा होती. तो उठून उभा राहिला.

"आवं, शिकल्यासवरल्याली तुमी! म्हणू नगा म्हणून सांगितलं हुतं की!" मग म्हणाला, "परत मागा. 'माझी राखण मला दे' म्हणा. त्येनं 'घे' म्हणाय पायजे."

आम्ही आबांना घेऊन मागच्या खोलीत गेलो. मी फडका काढला. मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती, कुठंही तीन रेघांची पापणी उरली नव्हती.

"माझी राखण मला द्या," मी म्हणाले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हात जोडून, चेष्टा न करता. "माझे वडील आहेत ते. मी जागी राहीन. आयुष्यभर जागी राहीन. त्यांना हिंडू द्या, मी मागं मागं जाईन."

पंखा फिरत होता. दुसरं काही नाही.

"ऱ्हाऊंद्या, नुसतं भाईर काढू," म्हणत धुळानं आबांचा हात धरला. दारापर्यंत ते सरळ आले. उंबऱ्याशी थांबले, मागं वळून पाहिलं, आणि मग त्यांचा पाय उचलेना. धुळानं दोन्ही हातांनी ओढलं. पन्नास किलोचा म्हातारा, तसूभर हलला नाही. त्यांच्या घशातून एक आवाज आला. तो माणसाचा होता असं मला म्हणवत नाही.

धुळानं ओढायचं थांबवलं. "बाई, तुमी नुसत्या सुभेदारांची राखण घे म्हणाला हुता का?"

मी आठवलं. "त्यांचं नाव नव्हतं घेतलं. राखण घ्या, एवढंच म्हणाले."

त्यानं आबांचा हात सोडला आणि तो मागं सरत सरत उंबऱ्याबाहेर गेला. "राखण एका मेंढराची नसती, बाई," तो हळू म्हणाला. "म्होरं जेवढी बसल्याली असत्यात तेवढी सगळी येत्यात त्यात."

तेव्हा माझी नजर चित्राच्या काचेवर गेली. काचेत खोलीचं प्रतिबिंब होतं. खिडकी, टेबल, मी, आबा. आणि आमच्या मागं, जमिनीवर, कुणाची तरी रुंद उघडी पाठ. सबंध पाठ मी पाहिली नाही. खांद्याजवळ एक डोळा होता, तेवढाच पाहिला, आणि तो माझ्याकडे बघत होता.

भाव ओळखणं हा माझा धंदा. त्या डोळ्यात राग नव्हता. दुष्टावा नव्हता. माया होती का? असेल, फार तळाशी, दमून गेलेली. ही नजर मला पाठ होती. दोन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ मी आबांकडे याच नजरेनं पाहत आले होते. सुटला की संपलं.

"आवं बाई, तुमी तरी या भाईर!" धुळा दारातून ओरडला. त्यानं हात पुढं केला होता. दार एका पावलावर. त्याच्या मागं ऊन होतं, रस्ता होता, भाजीची गाडी उभी होती.

मी आबांचा हात घट्ट धरला. "येते," म्हणाले, आणि पाऊल उचलण्याआधी माझी मान आपोआप मागं वळली.

"काय करताय बाई?"

"थांबा धुळाभाऊ," मी म्हणाले. "विचारते."